पेट्रोलची पिकअप डिझेल करण्यापूर्वी पूर्ण हिशेब मांडा

पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप स्वस्तात मिळत असेल तर ती घ्यावी, भंगारातून डिझेलचे इंजिन आणावे, ओळखीच्या मिस्त्रीकडून ते बसवून घ्यावे आणि पुढची दहा वर्षे निम्म्या खर्चात माल वाहावा, असा सल्ला मंडईत आणि गॅरेजमध्ये अजूनही दिला जातो. सल्ला देणारा लबाड नसतो. असे काम झालेले त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते आणि त्या गाडीने मालकाला पैसे मिळवून दिलेलेही त्याला ठाऊक असतात. पण ज्या काळाच्या अनुभवावर हा सल्ला उभा आहे तो काळ आता राहिलेला नाही. इंधनाचे भाव बदलले, कायदा बदलला, गाड्याही बदलल्या. तरीही फळांचा, फर्निचरचा, लोखंडी सामानाचा किंवा कपड्याचा व्यापार करणारा एखादा लहान व्यापारी या सल्ल्यावर विसंबून गाठीची पुंजी घालतो आणि पुढे अडकतो.

पेट्रोल पिकअपमध्ये डिझेल इंजिन बसवणे कारागिरीच्या दृष्टीने आजही शक्य आहे. धंद्याच्या दृष्टीने मात्र ते आज फायद्याचे नाही, आणि कागदांच्या दृष्टीने तर धोक्याचे आहे. हे काम करणाऱ्या मिस्त्रींचे कौशल्य मोठे आहे यात शंका नाही. म्हणूनच ते कौशल्य चोरून-लपून करायच्या कामात न घालवता नोंद होईल अशा कामाकडे वळवले पाहिजे, असे आमचे मत आहे.

ही विद्या आली कोठून?

इंजिन बदलण्याची ही विद्या कोणत्याही कॉलेजात जन्मली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेले शेव्हर्ले, फोर्ड आणि डॉजचे ट्रक देशभर पसरले. ते पेट्रोलवर चालत आणि पेट्रोल भरपूर पीत. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पन्नासच्या दशकात पर्किन्सची डिझेल इंजिने तयार करण्यास आरंभ केला. १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीझचा डिझेल ट्रक रस्त्यावर आला. डिझेलच्या ट्रकचा मालक कमी भाड्यात माल नेऊ लागला, तेव्हा पेट्रोल ट्रकच्या मालकापुढे दोनच मार्ग उरले : गाडी विकणे किंवा तिच्यात डिझेलचे इंजिन घालणे. नवी गाडी घेण्याची ऐपत ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांचे काम लोहार, फिटर, लेथवाले आणि वेल्डर यांनी निभावून नेले.

पुढे जीपची पाळी आली. महिंद्राच्या जुन्या जीपमधले ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन दमदार होते, पण तेल पिण्यात उदार होते. ते उतरवून त्या जागी मॅटाडोरचे, पर्किन्सचे किंवा मिळेल ते डिझेल इंजिन बसवण्याची चाल गावोगावी पडली. मोटारगाड्याही यातून सुटल्या नाहीत. अॅम्बेसेडरची डिझेल आवृत्ती १९७९ च्या सुमारास आली. तोपर्यंत या देशात डिझेलची मोटारगाडी कारखान्यातून मिळतच नव्हती. जी गाडी कारखाना देत नव्हता ती गॅरेजने तयार करून दिली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द तयार झाले आणि नकाशा न काढता, केवळ सुतळी व पट्टीच्या मापाने, इंजिनाचे फाउंडेशन कोठे बसेल हे सांगणारी माणसे घडली. या माणसांचे ऋण वाहतूक धंद्यावर आहे.

तेव्हा हिशेब का जमत असे?

या सगळ्या उलाढालीमागे एकच कारण होते, ते म्हणजे भावातील फरक. सरकार डिझेलचा भाव मुद्दाम खाली ठेवीत असे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी डिझेल पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी भावाने मिळत होते. त्यात डिझेल इंजिन त्याच कामाला कमी तेल घेते, कारण त्यात हवा जास्त दाबली जाते. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल इंजिनात हा दाब सात ते नऊ पट, तर जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात वीस-बावीस पट असतो. भाव निम्मा आणि खपही कमी, असा दुहेरी फायदा होता. इंजिन बदलण्याचा खर्च दीड-दोन वर्षांत सुटला तरी मालक खूश असे.

हा फरक अलीकडेपर्यंत टिकून होता. देशाच्या पातळीवर दिल्लीचा भाव मोजमाप म्हणून धरतात. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे होते, म्हणजे लिटरमागे ३२ रुपयांहून अधिक अंतर. पेट्रोलचा भाव २०१० साली सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला होता. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडे थोडे वाढवण्यात आले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळे झाले. त्यानंतर अंतर झपाट्याने मिटत गेले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. मार्च २०२४ मध्ये दिल्लीत पेट्रोल ९४ रुपये ७२ पैसे व डिझेल ८७ रुपये ६२ पैसे होते. बत्तीस रुपयांचे अंतर सात रुपयांवर आले. ज्या पायावर इंजिन बदलण्याचा धंदा उभा होता तो पायाच असा खचला.

इंजिनाच्या मागोमाग येणारा खर्च

डिझेल करून देतो असे सांगणारा बहुधा इंजिनाची किंमत आणि मजुरी एवढेच सांगतो. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. व्यापारी बंधूंनी पुढील बाबी कागदावर लिहून प्रत्येकीसमोर आपल्या गावच्या भावाने रक्कम मांडावी.

पहिली बाब जोडणीची. डिझेल इंजिनाचे बेल हाउसिंग आणि पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स यांची भोके क्वचितच जुळतात. मध्ये जाड लोखंडी प्लेट तयार करावी लागते आणि ती लेथवर अचूक केंद्र धरून कापावी लागते. केंद्र केसभर चुकले तरी क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सचा पुढचा बेअरिंग वारंवार जातो. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट यांचा मेळ घालणे वेगळेच. फाउंडेशनचे रबर डिझेलच्या धडधडीला पुरेसे मऊ आणि मजबूत नसेल तर काही महिन्यांत चेसिसवरचे वेल्डिंग तडकते.

दुसरी बाब वजनाची. त्याच कामाचे डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बहुधा जड असते. पुढचे पाटे दबतात, स्टेअरिंग जड होते, पुढचे टायर लवकर झिजतात. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की गाडीचे मालासह एकूण वजन आरसीवर ठरलेले असते आणि इंजिन बदलले म्हणून ते वाढत नाही. इंजिन ८० किलोने जड झाले तर कायदेशीर मालाचे ८० किलो कमी झाले. रोज दोन फेऱ्या करणाऱ्या व्यापाऱ्याने हा तोटा वर्षाच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

तिसरी बाब वेगाची. पेट्रोल इंजिन जास्त फेरे फिरते, डिझेल कमी. समजा पेट्रोल इंजिनाच्या मिनिटाला ५००० फेऱ्यांना गाडी ताशी १०० किलोमीटर जात होती आणि नवे डिझेल ४००० फेऱ्यांवर थांबते. मागचा क्राउन-पिनियन तोच ठेवला तर गाडी ८० च्या पुढे जाणार नाही. क्राउन-पिनियन बदलायचे म्हणजे आणखी खर्च. उलट, डिझेलचा झटका खालच्या फेऱ्यांतच जास्त असल्याने पेट्रोलसाठी बनलेला गिअरबॉक्स आणि मागचे एक्सल चढावर भरल्या गाडीने लवकर तुटतात.

डिझेलचा दाब पेट्रोलच्या भागांना किती जड जातो याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबाइल विभागाने १९७८ पासून ५.७ लिटरचे एक डिझेल इंजिन बाजारात आणले. ते त्यांच्या पेट्रोल इंजिनाच्या मांडणीवर आधारलेले होते. ब्लॉक मजबूत केला होता, पण हेड आवळणाऱ्या बोल्टांची रचना पेट्रोल इंजिनासारखीच ठेवली होती. वाढलेल्या दाबाने बोल्ट ताणले गेले, हेड गॅस्केट उडू लागले आणि १९८५ नंतर ते इंजिन बंद करावे लागले. अनेक मालकांनी ते उतरवून उलट पेट्रोलचे इंजिन बसवून घेतले. जगातल्या मोठ्या कारखान्याला जे ओझे पेलले नाही ते आपल्या गाडीचा जुना गिअरबॉक्स निमूट पेलेल, असे धरून चालू नये.

चौथी बाब विजेची व तेलाची. डिझेलला सेल्फ मारायला जास्त जोर लागतो, म्हणून बॅटरी मोठी लागते आणि हीटर प्लगची वायरिंग करावी लागते. किल्ली बंद केली की पेट्रोल इंजिनाची ठिणगी थांबते आणि ते बंद पडते. डिझेलमध्ये ठिणगीच नसते, त्याचे तेल तोडावे लागते. त्यासाठी पंपावर सोलेनॉइड किंवा बंद करण्याची दोरी हवी. पंपाकडून टाकीकडे परतणारी जादा तेलाची नळी हवी, पाणी वेगळे करणारा फिल्टर हवा. टाकीत जुने पेट्रोल राहिले तर डिझेल पातळ होते, आणि ज्या पंपाला डिझेलच वंगण पुरवते तो पंप घासून जातो. टाकी धुणे म्हणजे वेळकाढूपणा असे मानणाऱ्या मिस्त्रीच्या हाती गाडी देऊ नये.

ब्रेककडे विशेष लक्ष द्या

एक बाब आम्ही मुद्दाम वेगळी काढली आहे, कारण येथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. पाय उचलला की ती मिटते आणि इनलेट मॅनिफोल्डमध्ये पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होतो. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल इंजिनात सहसा अशी झडप नसते. त्यामुळे मॅनिफोल्डमधून बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मिळत नाही. म्हणून डिझेल गाड्यांत वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि तो बऱ्याच वेळा डायनामोच्या मागे जोडलेला असतो.

भंगारातून इंजिन आणताना डायनामो अनेकदा आधीच काढून विकलेला असतो. मग मिस्त्री जुन्या पेट्रोल गाडीचाच डायनामो लावतो. गाडी सुरू होते, रिकामी असताना थांबतेही. पुढे घाटात, भरलेल्या गाडीत, चालकाला पेडल दगडासारखे कठीण लागते. तेव्हा इंजिन जड, माल भरलेला आणि ब्रेकला मदत नाही, अशी स्थिती असते. अशी गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने दुसरे काम बाजूला ठेवून आजच ही तपासणी करावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. जागचे हलले नाही तर गाडी रस्त्यावर काढू नये.

कायदा काय म्हणतो?

पुष्कळ बांधवांची समजूत अशी आहे की इंजिन बदलून आरटीओत अर्ज दिला की इंजिन नंबर चढतो आणि काम संपते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ पूर्वी जवळजवळ असेच होते. नोंदणी अधिकाऱ्याला सूचना द्यावी, मंजुरी घ्यावी आणि बदल करावा, अशी वाट होती. २००० साली हे कलम बदलले. आता उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी मंजूर किट बसवायचे असेल तर त्याला ठरवून दिलेल्या अटींवर मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला की उत्पादकाच्या मूळ तपशिलापलीकडे गाडीत बदल करता येणार नाही.

त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आले. नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे ‘मालक’ हा शब्द ध्यानात घ्यावा. मिस्त्री मजुरी घेऊन मोकळा होतो आणि जबाबदारी आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्या गळ्यात राहते. गाडी हप्त्यांवर असेल तर आणखी एक बंधन आहे. भाडे-खरेदीवर घेतलेल्या गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय कोणताही बदल करण्यास कायद्याने मनाई आहे.

विम्याचा विचार तर बहुतेक जण करतच नाहीत. पॉलिसीवर ‘पेट्रोल’ लिहिलेले आणि बॉनेटखाली डिझेल, अशी गाडी जळाली किंवा उलटली तर विमा कंपनीचा माणूस प्रथम बॉनेट उघडतो आणि इंजिन नंबर पाहतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मग नाकारला जाऊ शकतो. एखादा पादचारी दगावला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली तर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा प्रयत्न कंपनी करू शकते. इंधनात वाचवलेले पाच वर्षांचे पैसे, आणि त्यावर घरसुद्धा, एका अपघातात जाऊ शकते.

भंगारातले इंजिन आणि पावती

इंजिनावर नंबर असतो आणि तो नंबर कोठल्या तरी गाडीच्या आरसीत लिहिलेला असतो. पावती नसलेले इंजिन स्वस्त का मिळते, हा प्रश्न घेणाऱ्याने स्वतःला विचारावा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असूनही, तो घेणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. घासलेला नंबर हे ‘मानण्यास कारण’ ठरू शकते, हे कोणत्याही वकिलाला विचारून पाहावे.

डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील मेरठचा सोतीगंज हा जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार पोलिसांनी बंद केला. चोरीच्या गाड्या तेथे मोडल्या जातात असा आरोप होता. बाजार बंद होतो तेव्हा लबाडाचे आणि सचोटीने धंदा करणाऱ्याचे शटर एकाच दिवशी खाली येते. अशा वेळी सचोटीच्या व्यापाऱ्याजवळ स्वतःला वेगळे दाखवण्यासाठी एकच साधन असते, ते म्हणजे खरेदी-विक्रीची वही. सुट्या भागांचा धंदा करणाऱ्या बांधवांनी प्रत्येक इंजिनाचा नंबर, ते ज्या गाडीतून निघाले तिचा नंबर, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तारीख एवढे लिहून ठेवण्यात हयगय करू नये.

आजचा हिशेब

आता आकडे मांडू. हे उदाहरण कल्पित आहे, भाव मात्र मार्च २०२४ मधील मुंबईचे आहेत : पेट्रोल सुमारे १०४ रुपये, डिझेल सुमारे ९२ रुपये आणि सीएनजी किलोला साडेत्र्याहत्तर रुपये. एक पिकअप वर्षाला २०,००० किलोमीटर चालते असे धरू. पेट्रोलवर ती लिटरला १०, डिझेलवर लिटरला १३ आणि सीएनजीवर किलोला १३ किलोमीटर देते असे समजू.

पेट्रोलवर २००० लिटर लागतील आणि खर्च २ लाख ८ हजार होईल. डिझेलवर सुमारे १५३८ लिटर लागतील आणि खर्च सुमारे १ लाख ४१ हजार होईल. म्हणजे वर्षाला ६६-६७ हजार वाचले. ही रक्कम लहान नाही आणि डिझेलची बाजू घेणारे येथेच थांबतात. पण पुढची ओळ वाचावी. सीएनजीवर सुमारे १५३८ किलो लागेल आणि खर्च सुमारे १ लाख १३ हजार होईल. म्हणजे डिझेलपेक्षाही वर्षाला २८ हजार कमी. शिवाय यात मूळ पेट्रोल इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, ब्रेक सर्व जागच्या जागी राहते, किट मंजूर असते आणि आरसीवर नोंद होते.

सीएनजी म्हणजे सर्व दुखण्यांवर रामबाण औषध आहे असे आम्ही म्हणत नाही. टाकीचे वजन मालातून वजा होते, चढावर जोर थोडा कमी पडतो, पंपावर रांग लागते आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाब-चाचणी करून घ्यावी लागते. ज्या तालुक्यात गॅसचा पंप नाही तेथे हा मार्गच बंद आहे. पण तेथेही उत्तर ‘डिझेल इंजिन बसवा’ हे नसून ‘पेट्रोल पिकअप विका आणि कारखान्यातूनच डिझेल म्हणून निघालेली जुनी पिकअप घ्या’ हे आहे. तिचा गिअरबॉक्स, पाटे, ब्रेक आणि कागद डिझेलचेच असतात. दोन गाड्यांच्या किमतीतील फरक आणि इंजिन बदलण्याचा पूर्ण खर्च समोरासमोर ठेवले तर अनेकदा गाडी बदलणेच स्वस्त पडेल.

कारखान्यांनीही हाच हिशेब ओळखला आहे. टाटा एस २००५ साली ७०२ सीसीच्या डिझेल इंजिनासह आली आणि लहान मालवाहतुकीचे चित्र तिने पालटले. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये डिझेलवरच आली होती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू होताना मारुतीने डिझेल गाड्या बनवणे बंद केले आणि सुपर कॅरी पेट्रोल-सीएनजीवर गेली. टाटा एसही पेट्रोलवर मिळू लागली. नव्या नियमांच्या डिझेल गाडीत संगणक, सेन्सर आणि धुराच्या गाळण्या एकमेकांना बांधलेल्या असतात. तिचे इंजिन उचलून दुसऱ्या गाडीत ठेवले तर किल्ली फिरवूनही ते दाद देत नाही. पान्याने होणारे काम आता फक्त जुन्या गाड्यांपुरते उरले आहे आणि जुन्या गाड्यांचे दिवस मोजके आहेत.

आक्षेप आणि उत्तर

काही अनुभवी मिस्त्री म्हणतील, “आम्ही शेकडो गाड्या केल्या, एकीलाही अपघात झाला नाही.” त्यांच्या शब्दावर आम्ही अविश्वास दाखवीत नाही. ज्याने व्हॅक्यूम पंप लावला, पाटे वाढवले, केंद्र अचूक धरले, त्याचे काम चांगलेच असणार. पण चांगले काम आणि मान्य काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अपघातानंतर न्यायालयात दुसरीच विचारली जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नियम मोठ्या कारखान्यांच्या सोयीचे होतात, लहान कारागिराचा त्यात विचार होत नाही, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. किट मंजूर करून घेण्यासाठी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडे चाचण्या कराव्या लागतात आणि एकट्या गॅरेजवाल्याला तो खर्च झेपत नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीही अशा बदलाचा फटका सोसला आहे. धुराच्या प्रश्नावर १९९९ साली उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि पुढच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावे लागले. डिझेलसाठी घातलेला पैसा तेव्हा वाया गेला. पण यातून घेण्याचा धडा असा की नियम कोणत्या दिशेने चालला आहे ते आधी पाहावे. ती दिशा आज स्पष्ट आहे. २०१६ साली विजेवर चालवण्याच्या किटचे नियम आले. २०२२ साली ३.५ टनांपेक्षा कमी वजनाच्या गाड्यांत डिझेल इंजिनाच्या जागी गॅसचे इंजिन बसवण्यास मुभा मिळाली. डिझेलकडून गॅसकडे दार उघडले, पेट्रोलकडून डिझेलकडे नाही.

मिस्त्री बांधवांनी काय करावे?

ज्या हातांना इंजिन उतरवून दुसरे बसवता येते त्यांना काम कमी पडण्याचे कारण नाही. त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन मंजुरी घेऊन बदलणे हे आजही रीतसर काम आहे. मालकाने बदलानंतर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीत नोंद करून घ्यावी, एवढे मिस्त्रीने त्याला लिहूनच द्यावे. जुन्या इंजिनाचे बोअरिंग, क्रँक घासणे, पंप-नोझल भरणे यांना मागणी आहे. गॅस किट बसवण्याचे अधिकृत केंद्र एकट्याला काढता येत नसेल तर तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीदारीत काढावे. एकाची जागा, दुसऱ्याचे भांडवल, तिसऱ्याचा हात आणि चौथ्याच्या आयटीआय शिकलेल्या मुलाचे प्रमाणपत्र, असा मेळ बसू शकतो. शागीर्दाला पान्याबरोबर मीटर आणि स्कॅनर धरायलाही शिकवावे. उस्तादाच्या कानाला जे इंजिनाच्या आवाजावरून कळते ते नव्या गाडीत अनेकदा स्कॅनरच सांगतो.

आणि व्यापारी बंधूंनी एक पथ्य पाळावे. इंजिन बदलण्याचा विचार डोक्यात आला की गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी आरसीची प्रत घेऊन आरटीओत जावे आणि आपल्या गाडीत हा बदल मान्य आहे का, हे लेखी विचारावे. विमा कंपनीलाही तोच प्रश्न लेखी विचारावा. दोन्ही ठिकाणांहून लेखी होकार आला तर पुढचा खर्च मांडावा. नकार आला किंवा तोंडी ‘बघू या’ एवढेच उत्तर मिळाले तर ते पैसे मंजूर किटसाठी किंवा दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवावेत. या कामाला एक-दोन दिवस आणि थोडी यातायात लागेल, पण तेवढ्याने हातची पुंजी वाचेल.